चर्चा: खरी नवकल्पना यंत्रात असते की प्रश्न मांडण्यात?

निवृत्त अध्यापक, धरमपेठ

गेल्या आठवड्यात आमच्या वाचनमंडळात एका तरुण अभियंत्याने असे मत मांडले की जगाचे प्रश्न आता नवी यंत्रेच सोडवतील, आणि ती जो देश आधी बनवेल त्याचेच चालेल. आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलेल्या मला हे पटले नाही. विज्ञानात काय किंवा राष्ट्राराष्ट्रांच्या व्यवहारात काय, अडलेली वाट मोकळी झाली ती कुणीतरी प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने मांडला तेव्हा.

अंटार्क्टिकावर सात देशांनी हक्क सांगितला होता आणि अर्जेंटिना, चिली व ब्रिटन यांचे दावे तर एकमेकांच्या हद्दीत शिरत होते. ही जमीन कुणाची, एवढेच विचारत बसले असते तर आजही तोडगा निघाला नसता. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी केलेल्या कराराच्या चौथ्या कलमाने तो प्रश्न बाजूला ठेवला: जुने दावे मान्यही नाहीत आणि फेटाळलेलेही नाहीत, मात्र करार चालू असेपर्यंत तिथे केलेल्या कोणत्याही कामाने कुणाचा दावा बळकट होणार नाही. शीतयुद्धाच्या ऐन काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ या दोघांनीही त्यावर सह्या केल्या.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे आहे. नागपूरच्याच वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे गडचिरोलीत अडचण अशी होती की बाळाचा न्यूमोनिया ओळखायला मिनिटाचे श्वास मोजावे लागतात, आणि गावातल्या निरक्षर दाईला पन्नास-साठपर्यंत मोजणे जमत नाही. त्यांनी दाईला आकडे शिकवत बसण्याऐवजी मण्यांची एक चौकट आणि मिनिटभराचे वाळूचे घड्याळ तिच्या हाती दिले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलो तर न्यूमोनिया. यात कोणते भारी तंत्र आहे?

कपाशीवाला, हिंगणा रोड

सर, तुमचा आदर राखून विरोध नोंदवतो. नव्या विचारांचा तुटवडा मला आयुष्यात कधी जाणवला नाही. तुटवडा आहे तो विचार तडीस नेणाऱ्यांचा. मी कृषी खात्यात नोकरी केली आणि घरची कोरडवाहू शेतीही आहे.

२००२ साली बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारे विष स्वतःच तयार करणाऱ्या कपाशीला, परवानगी मिळाली. जैवतंत्रज्ञानातली ती खरोखर मोठी झेप होती. तिच्यासोबत एक साधा नियमही होता, की कडेने साध्या कपाशीच्या ओळी लावाव्यात, म्हणजे तिथे विषाशिवाय वाढलेल्या अळ्यांशी संकर होत राहून सगळी जात विषाला सरावणार नाही. साडेचारशे ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत एकशेवीस ग्रॅमचे छोटे पाकीट त्यासाठीच मिळत असे. ते पाकीट न फोडता कोठ्यात पडलेले मी घरोघर पाहिले आहे, आमच्याही घरी पाहिले आहे. २०१७ च्या हंगामात बोंड फोडले की आत गुलाबी अळी आणि किडकी सरकी निघत होती. तेव्हा कमी पडली ती शिस्त, प्रतिभा नव्हे.

अंटार्क्टिकाचे कलम चतुर होते हे मान्य, पण १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात, म्हणजे पृथ्वीच्या अभ्यासासाठी अनेक देशांनी मिळून राबवलेल्या मोहिमेत, शास्त्रज्ञांनी तिथे खांद्याला खांदा लावून काम केले नसते, तर ते कागदावर आलेच नसते.

परिचारिका, अजनी

मी बंग यांच्या कामाबद्दलच लिहिते, पण माझा कौल कपाशीवाल्या दादांकडे आहे. गावातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा तो प्रयोग १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि नवजात मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे जगाने वाचले. आशाताईंमार्फत तोच कार्यक्रम देशभर सुरू व्हायला २०११ उजाडले. मधल्या बारा वर्षांत कल्पना तयारच होती. मी आशाताईंना प्रशिक्षण देते तेव्हा वजनकाटा चालू आहे का आणि भेटीचा फॉर्म पूर्ण भरला आहे का, यातच माझा दिवस जातो, आणि बाळे वाचतात ती त्यामुळेच.

निवृत्त अध्यापक, धरमपेठ

ताई, बारा वर्षांचा तो हिशेब मला अस्वस्थ करून गेला आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण दादा, तुमचेच उदाहरण माझ्या बाजूने बोलते. छोटे पाकीट कुणी पेरत नाही म्हणून शेतकऱ्याला दोष देणे सोपे होते. पुढे साधे बियाणे बीटीच्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली, म्हणजे पेरावे की टाकावे हा निर्णयच शेतकऱ्यावरून उतरला. ज्याने हे सुचवले त्याने माणसाचा स्वभाव गृहीत धरून प्रश्न मांडला, आणि मी नवा विचार म्हणतो तो हाच.

कपाशीवाला, हिंगणा रोड

मिसळलेल्या बियाण्यात अळी एका झाडावरून दुसऱ्यावर जाते, त्यामुळे कीटकशास्त्रज्ञांच्या त्याबद्दल शंका आहेत. शिवाय फरदड (हंगाम संपल्यावरही कपाशी उभी ठेवून घेतलेले जादा पीक) घेऊ नका, पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) वेळेत उपटा, हे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आणि अळीचे चक्र तुटण्यासाठी ते आजही तितकेच गरजेचे आहे. फरदडीतून हाती येणाऱ्या शेवटच्या वेचणीचा पैसा ज्याच्या घरात उन्हाळ्याचा किराणा भरतो, त्याला तो सोडायला लावणारा विचार कुणाकडे असेल तर तो इथे जरूर मांडावा. मी माझे मत बदलायला तयार आहे.