दुसरीतल्या मुलीला गणितात पुढचं काय द्यावं?

मुक्ताची आई
लेक मराठी माध्यमात दुसरीला आहे. तीन अंकी हातच्याची वजाबाकी घरीच शिकली. वर्गात पान सगळ्यांच्या आधी संपवते, मग बाई तशीच आणखी वीस गणितं देतात. परवा पाहिलं तर मुद्दाम सावकाश सोडवत होती. म्हणाली, "लवकर केलं की जास्त मिळतात." मला फार वाईट वाटलं. तिसरीचं पुस्तक आणू, की अबॅकसचा क्लास लावू?

फळा-खडू
ताई, दोन्ही नको. तिसरीचं आत्ताच उरकलं, तर पुढच्या वर्षी वर्गात जास्तच कंटाळेल. मी २६ वर्षं जिल्हा परिषद शाळेत शिकवलं. अशा मुलांना मी कापरेकरांची वजाबाकी देत असे. देवळालीच्या शाळेत शिक्षक होते ते. १९४९ मध्ये त्यांना ६१७४ सापडली: सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही चार अंकी संख्या घेऊन ही वजाबाकी करत गेलं की शेवटी तिथेच येऊन थांबते.

दोन अंकांपासून सुरू करा. ८२ घ्या. अंक उलटे करून मोठ्यातून लहान वजा: ८२ − २८ = ५४. पुन्हा तेच: ५४ − ४५ = ०९. इथलं शून्य टाकू देऊ नका, पोरं हमखास तिथेच चुकतात. ९० − ०९ = ८१, मग ६३, २७, ४५, आणि परत ०९. दोन्ही अंक वेगळे असलेली कुठलीही संख्या घेतली तरी याच फेऱ्यात येते. आमच्या वर्गातल्या एकीने व्हरांड्यात खडूने गोल काढून त्यावर हे पाच आकडे मांडले होते आणि मधल्या सुट्टीत सगळ्यांना त्यावरून चालायला लावलं होतं.

मग तीन अंकी. ३५२ चे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावा: ५३२ − २३५ = २९७. पुढे ६९३, ५९४, ४९५, आणि तिथून हलतच नाही. उत्तर आधी सांगू नका. "मधे कोणता अंक येतोय?" एवढंच विचारा. चार अंकी पुढच्या वर्षी.

ठिपका
वजाबाकीचा कंटाळा आला तर रांगोळी. मधे ७ ठिपके, वर-खाली एकेक कमी करत १ पर्यंत. एकूण किती, न मोजता? माझ्या भाच्याने कागद तिरका धरला आणि ओरडला, "हा तर चौकोन आहे!" सात साते एकोणपन्नास.

मुक्ताची आई
सर, रविवारी बसलो. अकरा संख्या झाल्या, मी एकदाही "कर" म्हटलं नाही. २११ ला ९९ आले, तर स्वतःच पुढे शून्य लिहिलं. रात्री दिवा घालवल्यावर अंथरुणातून विचारते, "आई, मधे सारखा ९ च का?" मला उत्तर येत नव्हतं, तसं सांगितलं. आज वही बाईंना दाखवायला घेऊन गेली आहे.

फळा-खडू
दोघी मिळून शोधा. सुरुवातीच्या संख्येतल्या सर्वांत मोठ्या अंकातून सर्वांत लहान वजा करा, आणि ९९ चा पाढा शेजारी लिहून ठेवा.