धूम्रपानासाठी स्वतंत्र खोली असेल, तर संपूर्ण बंदीची गरज उरते का?

प्रश्न:
उपाहारगृहे आणि कार्यालये यांत धूम्रपानाला सरसकट बंदी असावी, की त्यासाठी हवा खेळती असलेली स्वतंत्र खोली ठेवू द्यावी? इतरांना धुराचा त्रास होऊ नये हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु सिगारेटची विक्री कायदेशीर असताना ती ओढणाऱ्याला इमारतीत कुठेच जागा नसावी, हे पटत नाही.

प्रतिसाद १:
खोलीला भिंती असल्या, तरी दार उघडले की धूर बाहेर येतोच, आणि वातानुकूलन यंत्रणा सामाईक असेल तर तो शेजारच्या दालनातही पोहोचतो. त्यातील सूक्ष्म कण व विषारी वायू पंख्यांनी पुरते निघत नाहीत. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराच्या कलम ८ विषयी २००७ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी वायुवीजन आणि स्वतंत्र कक्ष हे दोन्ही उपाय अपुरे ठरवले. शिवाय त्या खोलीतली रक्षापात्रे रिकामी करायला, टेबले पुसायला कोणी तरी जातेच. त्या माणसाचा विचार आपल्या प्रश्नात आलेला नाही, आणि माझ्या मते मुख्य मुद्दा तोच आहे. आयर्लंडने २९ मार्च २००४ पासून मद्यालयांसह बंदिस्त कामाच्या जागा धूरमुक्त केल्या, त्या कामगारांच्या आरोग्याच्या कारणावरून.

प्रतिसाद २:
स्पेनचा अनुभव येथे महत्त्वाचा आहे. तेथे जानेवारी २००६ पासून लागू झालेल्या कायद्याने लहान मद्यालयांच्या मालकांना निवडीची मुभा दिली होती. बहुतेकांनी धूम्रपान चालू ठेवले आणि अखेर जानेवारी २०११ पासून ही सवलत काढून घ्यावी लागली.

प्रतिसाद ३:
वरील दोन्ही मतांशी मी सहमत आहे, मात्र उघड्या जागांना हाच न्याय लावताना सावध राहावे, कारण मोकळ्या हवेत धूर लवकर विरतो. अंमलबजावणीबाबत सांगायचे, तर दंड केवळ ओढणाऱ्याला असेल तेव्हा ग्राहकाला हटकण्याचे अवघड काम पोऱ्याच्या गळ्यात पडते. मालकही जबाबदार धरला गेला, की टेबलांवरची रक्षापात्रे तो स्वतःच उचलतो.

प्रश्नकर्ता:
सफाई कामगाराचा मुद्दा मला पटला, त्यामुळे बंदिस्त जागेपुरता खोलीचा आग्रह सोडतो. प्रवेशद्वारापासून किती अंतरावर ओढू द्यावे, हेही कायद्यातच स्पष्ट असावे. नाही तर सगळे दारातच उभे राहतात.