पुळणीवरचे डांबरगोळे गोबरगॅसच्या टाकीत चालतील का?

खाडीकाठ (गुहागर तालुका)
नमस्कार मंडळी. पावसाळी वारा सुरू झाल्यापासून पुळणीवर डांबरगोळे (समुद्रात सांडलेल्या तेलाचे काळे, चिकट गोळे) येतायत, लिंबाएवढे ते नारळाएवढे. सफाईत वाळूसकट साधारण 300 किलो जमले, 12 गोण्या. गावात 2 घनमीटरचा गोबरगॅस आहे आणि त्यात मासळी बाजारातला कचरा घालायचं ठरतंय. त्यातच थोडे थोडे गोळे टाकले तर गॅस वाढेल का? एक वीटभट्टीवाला जळण म्हणून न्यायला तयार आहे. गोण्यांतून काळं गळायला लागलंय, लवकर सांगा.

शेणकाला
टाकीत एकही गोळा टाकू नका. जहाजातून सांडलेल्या तेलाचा हलका भाग समुद्रावरच उडून गेलेला असतो. गोळ्यात उरतं ते सगळ्यात जड, चिवट डांबर. हवेशिवाय जगणारे जिवाणू ते फोडायला महिनोन्‌महिने घेतात आणि तुमचा शेणकाला टाकीत राहतो 40-50 दिवस. म्हणजे गॅस वाढणार नाही, वाळू तळाशी बसून टाकीची जागा खाईल आणि डांबर टाकीतून निघणाऱ्या मळीबरोबर थेट भातशेतीत जाईल. हे शेवटचं सगळ्यात वाईट, कारण मळी शेतात पसरल्यावर ते वेचून काढता येत नाही.

वेंगुर्ला_किनारा
वीटभट्टीलाही देऊ नका. गोळ्यात वाळू किती आहे ते आधी बघा: 100 ग्रॅम गोळा रॉकेलमध्ये विरघळवा (उघड्यावर, विस्तवापासून लांब), फडक्यातून गाळा, राहिलेली वाळू वाळवून तोला. 50 ग्रॅम वाळू निघाली तर जळण निम्मंच आहे. शिवाय खारं पाणी मुरलेलं असतं. कमी-जास्त तापणाऱ्या भट्टीत हे अर्धवट जळतं, काजळीबरोबर कर्करोगाला कारण ठरणारी संयुगं धुरात येतात आणि मिठातल्या क्लोरीनमुळे डायॉक्सिन या फार विषारी संयुगांचा धोका वाढतो. असा माल जाळायची जागा म्हणजे सिमेंटची भट्टी, तिची ज्योत 1800 अंशांच्या वर असते. ती कोकणात नाही. चंद्रपूर किंवा कलबुर्गीकडे. तळोज्याला घातक कचऱ्याची सामायिक सुविधा आहे, ती जवळची. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात लेखी कळवा. घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांत साठवणुकीची मुदत 90 दिवस आहे आणि गाडीबरोबर मॅनिफेस्ट (माल कुठून कुठे जातोय याचा नोंदीचा कागद) लागतो.

तोवर गोण्या उघड्यावर नकोत. झाकणाचे प्लास्टिकचे पिंप घ्या, खाली जाड ताडपत्री, वर छप्पर. 3000 मिलिमीटरच्या पावसात गळती विहिरीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही.

पुढच्या वेळी पहाटे गोळा करा. गार असताना गोळा कडक असतो, दंताळ्याने उचलला जातो आणि 5-6 मिलिमीटरच्या चाळणीतून वाळू गळून जाते. दुपारी उन्हात वितळून वाळूत मुरला की एक किलो डांबरासाठी तीन किलो पुळण उचलावी लागते. जेसीबी तर नकोच, तो डांबर खाली दाबतो. मे महिन्यात कासवांची उशिरा घातलेली घरटीही वाळूत असू शकतात. हातमोजे घाला. हाताला लागलंच तर आधी खोबरेल तेल चोळून पुसा, मग साबण. पेट्रोल अजिबात नको.

खाडीकाठ
पिंपं आजच आणतो. मासळीचा कचरा तरी चालेल ना? रोज 20 किलो मिळेल.

शेणकाला
चालेल, पण 20 किलो एकदम नको. मासळीत नत्र फार, कार्बन थोडा. टाकीत अमोनिया साचला की मिथेन करणारे जिवाणू थंडावतात. रोज 45 किलो शेण, तेवढंच पाणी आणि 2 किलो मासळी यापासून सुरू करा. दर आठवड्याला 1 किलो वाढवत 5 वर थांबा. डोकी, आतडी बारीक करून घाला. खवले नकोत, त्यांचा वर थर धरतो. आधी गोड्या पाण्याने धुवा, कारण मिठानेही टाकी मंदावते. बोटीच्या तळातलं तेलकट पाणी लागलेली मासळी बाजूला काढा, नाहीतर डांबराचीच गोष्ट परत.

दर दोन दिवसांनी पीएच पट्टी (आंबटपणा दाखवणारी) बुडवा. 6.8 ते 7.4 ठीक. 6.5 च्या खाली गेला तर मासळी बंद, फक्त शेण. 8 च्या वर जाऊन नाकात झोंबणारा वास आला तर अमोनिया: मासळी थांबवा, पाणी वाढवा, बारीक कापलेला पेंढा 2 किलो घाला. शेगडीवर सडक्या अंड्यांचा वास आला तर गॅसच्या नळीत गंजलेल्या लोखंडी किसाचा डबा बसवा, नाहीतर बर्नर खाऊन जाईल.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ऑगस्टमध्ये मासळी परत आली की पुन्हा 2 किलोपासूनच चढवा.