बस दारात येते, तरी मी स्टेशन गाठते

तळेगावची: काल इथे एकाने लिहिलं, 'लोकलचं कौतुक म्हणजे नुसती सवय, बस दारातून उचलते.' वाचल्यापासून डोकं तापलंय. चौदा वर्षं मी पुणे–लोणावळा लोकलने तळेगाव–शिवाजीनगर करते. स्टेशनपर्यंत वीस मिनिटं पायपीट, मान्य. पण गाडीत बसले की शाळेच्या वह्या काढते. बसमध्ये एकदा प्रयत्न केला होता. ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि लाल पेनाची रेघ पोराच्या बरोबर उत्तरावरून आरपार गेली. शिवाय मला बस लागते. लोकलमध्ये दापोडीनंतर मुळेचा पूल आला की वह्या आवरायच्या. बसमध्ये पुढच्या चौकाचाही भरवसा नाही.

कात्रजकर: तुमच्या गावाला रूळ आहेत, म्हणून ही निवड. कात्रज, सिंहगड रोड, वाघोली, इथे कुठली लोकल? आणि ती लोकल १९७८ साली सुरू झाली, आजही दोनच रूळांवर. मागून एक्स्प्रेस आली की थांबा. दुपारी तर गाड्यांमध्ये एवढं मोठं खिंडार, की सेकंड शिफ्टवाल्याने काय करायचं? बस चुकली तर मागून दुसरी येते.

चिंचवडचा: रुमालाबद्दल कुणी बोलणार आहे का? एक जण चढतो आणि चार जागांवर रुमाल टाकतो. माझी आई गुडघे धरून पुण्यापासून चिंचवडपर्यंत उभी होती. समोर रिकाम्या बाकावर एक रुमाल!

तळेगावची: सगळ्यांना एका मापाने मोजू नका. मीही जागा धरते. सातव्या महिन्यात मला रोज जागा दिली ती याच रोजच्या प्रवाशांच्या ग्रुपने, अनोळखी माणसांनी नाही.

चिंचवडचा: मग आईने काय ग्रुपची वर्गणी भरायची? तिकीट तिनेही काढलं होतं.

कात्रजकर: बसमध्ये निदान कंडक्टर असतो. ज्येष्ठांच्या जागेवर बसलेल्या तरुणाला तो उठवतो.

तळेगावची: उठवतो, नेहमी नाही.

चिंचवडचा: लोकलमध्ये तर कधीच नाही. कुणाला सांगायचं, रुमालाला?

कात्रजकर: मूळ मुद्द्यावर एक कबूल करतो. २०२४ साली मेट्रो स्वारगेटपर्यंत आली, तेव्हापासून मी स्वारगेटला बस सोडतो आणि पिंपरीपर्यंत मेट्रोने जातो. रूळ मिळाले तर मीही रूळच धरतो. पण मला स्वारगेटला आणून सोडते ती बसच, तिला नावं ठेवू नका.

तळेगावची: बसला नावं ठेवत नाही, मला तिच्यात मळमळतं. बाकी चिंचवडकर, आईंच्या बाबतीत झालं ते चूकच. ग्रुपसाठी जागा धरणं मी सोडणार नाही, पण समोर म्हातारं माणूस उभं असेल तर रुमाल मीच उचलेन.

चिंचवडचा: आई आता लोकलने जात नाही. रिक्षा करते.