बिसेल जिंकले कसे?

प्रश्न: १८५६. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात राष्ट्राध्यक्षपदाला सर्वाधिक मतं डेमोक्रॅट ब्यूकॅनन यांना, गव्हर्नर मात्र रिपब्लिकन विल्यम बिसेल. एकाच दिवशी! असं कसं?

उत्तर १: बिसेल मूळचे डेमोक्रॅटच. कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने गुलामगिरीला नव्या प्रदेशांची वाट मोकळी केली आणि ते पक्षापासून दुरावले. शिवाय अध्यक्षपदाला तिसरे उमेदवार फिलमोर यांच्याकडे गेलेल्या, मोडलेल्या व्हिग पक्षाच्या अनेक जुन्या लोकांनी गव्हर्नरपदाला बिसेलनाच मत दिलं.

उत्तर २: मला तर शपथच आठवते. 'द्वंद्वाचं आव्हान स्वीकारलेलं नाही' असं गव्हर्नरला शपथेवर सांगावं लागे. बिसेलनी तर १८५० मध्ये जेफरसन डेव्हिसचं (तेव्हाचा मिसिसिपीचा सिनेटर) स्वीकारलेलं! समर्थक म्हणाले, ते राज्याबाहेर घडलं. पाय लुळे, म्हणून शपथ घरीच घेतली. माणूस खंबीर, पण ही शपथ मला आजही खटकते.

प्रश्नकर्ता: व्हिगांचा मुद्दा पटला. आभार!