रातोरात? छे!
'ट्रेनस्पॉटिंग' हा सिनेमा आला आणि अंडरवर्ल्ड हा ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक बँड रातोरात मोठा झाला, असं म्हणतात; हे मत अर्धंच खरं आहे. 'बॉर्न स्लिपी' या त्यांच्या गाण्याचं ते गाजलेलं व्हर्जन १९९५ मध्ये सिंगलच्या मागच्या बाजूला पडून होतं आणि १९९६ मध्ये सिनेमामुळेच ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं, हे मान्य. पण तोवर बँडमधल्या कार्ल हाइड आणि रिक स्मिथ यांनी दहा-पंधरा वर्षं घासली होती! कार्डिफमध्ये जमलेल्या या जोडीचा आधीचा बँड फ्रूर. त्याचं नाव मुळात एक वेडंवाकडं चिन्ह होतं, उच्चारच नाही. रेकॉर्ड कंपनीच्या आग्रहाने 'फ्रूर' ठरलं. (अमेरिकन गायक प्रिन्सने नावाऐवजी चिन्ह घेतलं, त्याच्या दहा वर्षं आधी बरं का.) मग अंडरवर्ल्ड नावाने १९८८ आणि ८९ चे दोन पॉप-रॉक अल्बम. ते आज फॅनसुद्धा ऐकत नाहीत, मीही एकदाच ऐकले.

खरी कलाटणी डॅरेन इमर्सनची. वयाने बराच लहान असलेला हा डीजे आल्यावर गिटारवाल्यांना क्लबची नाडी सापडली, आणि १९९४ चा अल्बम झाला. तोही सिनेमाच्या दोन वर्षं आधी.

आणि 'बॉर्न स्लिपी'तलं ते 'लागर लागर' (लागर म्हणजे बिअर) हा दारूचा जयघोष नव्हे. हाइडने स्वतःच्या पिण्याबद्दलच लिहिलं होतं. लोक ग्लास उंचावून नाचायला लागले, त्याला तो काय करणार!