मदत हवी आहे: रोजच्या थारला एटी (ऑल-टेरेन, कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांचे) टायर घ्यावेत की एचटी (हायवे-टेरेन, मुख्यतः डांबरी रस्त्याचे)?

मंडळी, गाडी 2021 ची थार, डिझेल, फोर बाय फोर, टायर 255/65 आर 18. घासून वेअर इंडिकेटरला (खाचांतल्या झीज दाखवणाऱ्या खुणेला) टेकलेत. पावसाळ्याआधी बदलायचेच आहेत.

रोज सातारा ते शिरवळ हायवे, मध्ये खंबाटकी घाट. शेत बामणोलीकडे, तिथला शेवटचा टप्पा कच्चा, पावसात तांबडा चिखल. टायरच्या खाचांत चिखल भरला की फोर-हाय (चारही चाकांना जोर देणारा मोड) लावूनही चाकं जागीच फिरतात. अलाइनमेंट, रोटेशन, हवा कमी-जास्त करणं सगळं झालंय. साईज बदलायची नाही. एमटी (मड-टेरेन, खास चिखलाचे) नकोत, ओल्या डांबरावर त्यांचा भरवसा वाटत नाही, आणि रोजच्या रस्त्यावर तो आवाज नको.

दुकानदार एटी सुचवतो. चिखलात ते बरे हे पटतं, पण घाटउतारावर भर पावसात करकचून ब्रेक मारायची वेळ येते, घरची माणसं गाडीत असतात. माझ्यासाठी तेच सगळ्यात महत्त्वाचं, मायलेज थोडं पडलं तरी चालेल.

याच साईजचे एटी दोन-तीन पावसाळे वापरलेल्यांनी कृपया सांगा: ओल्या रस्त्यावर ब्रेकिंग एचटीच्या तुलनेत कसं आहे, अर्धे झिजल्यावर किती फरक पडतो? आणि कोणता ब्रँड, कोणतं मॉडेल? स्टेपनी अजून कोरी आहे, वेगळ्या पॅटर्नची. तीच ठेवून चार घेतले तर चालेल, की पाचही एकसारखेच घ्यावेत?